माझे केस आणि दोन तृतीयांश बहुमत

आमच्या घरात संघराज्य पद्धत आहे. स्वयंपाकघर आईचं, हत्यारांची पेटी बाबांची आणि माझे केस माझे. कुणी कुणाच्या विषयात नाक खुपसू नये म्हणून बाबांनी वरिष्ठ सभागृह नेमलं: आजोबा, आत्या आणि मी. प्रत्येकाच्या हक्काचं रक्षण करणं हे त्याचं काम. हे सभागृह कधीही बरखास्त होत नाही. फार तर आजोबांना डुलकी लागते. पैशांच्या बाबतीत ते फक्त सूचना करू शकतं, आणि आईने त्या ऐकून सोडून द्यायच्या, अशी तरतूद आहे.

मात्र एक विशेष अधिकार त्याला आहे. दोन तृतीयांश मतं पडली, तर कुणाचाही खासगी विषय 'कुटुंबहितार्थ' वर्षभर कुटुंबाच्या ताब्यात घेता येतो.

शनिवारी सकाळी मी जाहीर केलं, की केस कानापर्यंत कापणार. सोमवारच्या शाळेच्या नाटकात मी सेनापती होते आणि कमरेपर्यंत वेणी रुळणारा सेनापती आमच्या बाईंना चालणार नव्हता. आत्याने घसा खाकरला. आजोबा चक्क जागे झाले. दोन विरुद्ध एक. केस कुटुंबाचे झाले.

"पण हे सभागृह माझ्या हक्कांच्या रक्षणासाठी आहे ना?" मी विचारलं.

"म्हणून तर हा अधिकार आम्हाला आहे," आजोबा म्हणाले. "परक्याने हात लावला असता तर आम्ही खपवून घेतलं असतं का, बाळा?"

ठराव फिरवायला पुन्हा दोन मतं हवीत. मी आत्याला गाठलं. ती लगेच तयार झाली, पण आधी आजोबांच्या मिशीचा विषय घेऊ म्हणाली. मिशी चहात बुडते, हे कुटुंबहिताला बाधक होतं. मी हात वर केला आणि, खोटं कशाला बोलू, जी काही मजा आली ती सेनापतीच्या तलवारीतही आली नसती. दुपारी चिडलेले आजोबा माझ्या बाजूला आले. आत्याचं पहाटेचं गाणं कुटुंबाच्या ताब्यात गेलं. मग आईचं स्वयंपाकघर. मग बाबांची पेटी. नळ गळायला लागला तेव्हा बाबा पान्यासाठी सभागृहाच्या दाराशी ताटकळत उभे होते. आत पान्याच्या कुटुंबहितावर चर्चा रंगली होती.

सोमवारी सेनापती दुसरीच मुलगी झाली. माझ्या केसांचा ठराव अजून मांडायचाच आहे; वेळच मिळत नाही. आता घरात कुणाचं स्वतःचं असं काही उरलेलं नाही, तरी आम्हा तिघांचे हात शिवशिवतात. म्हणून सभासद वाढवायचं ठरलंय.

तुम्ही येता? तुमच्या हक्कांचं पूर्ण रक्षण होईल. फक्त खरं सांगा, आत्ता तुमच्या मनात आधी काय आलं: आपलं काय जाईल ते, की कुणाचं काय घेता येईल ते?