तिसऱ्या बाकापलीकडे

तर्कशास्त्राच्या सरांचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नसे, हे सगळ्या कॉलेजला मान्य होतं आणि त्याबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. सरांचीही नव्हती. मागच्यांना झोप लागे, पुढच्यांना लाज वाटे म्हणून ती आवरावी लागे, आणि तास वेळेवर संपे. निवृत्ती तोंडावर आली असताना शेवटच्या बाकावरची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली आणि सगळी घडी विस्कटली.

"सर, मला संशोधन करायचंय. तुमचा आवाज मागे का पोचत नाही, यावर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अगं, मग पुढे येऊन बस की."

"पुढे बसले तर मला ऐकू येईल, सर. पण आधी का येत नव्हतं, ते कुठे कळेल?"

सरांना भरून आलं. असंच काहीतरी आपण वर्गात शिकवत असतो, असं त्यांना अंधुक आठवलं; ते मागे कसं पोचलं, हे मात्र समजेना.

पदवीच्या विद्यार्थ्यांनी आंतरविद्याशाखीय संशोधन करावं, असं परिपत्रक नुकतंच निघालं होतं. अट एवढीच, की विषय दोन विभागांचा असावा आणि दोघांनी तो आपला म्हणावा. शनिवारपर्यंत ज्यांना कोणी आपलं म्हणणार नाही, त्यांना समन्वयक बाई तयार विषय देत: आवारातल्या झाडांची पानं मोजणे. त्याचे निष्कर्षही तयारच असत.

"पानं नकोत, सर," मुलगी म्हणाली. "काही करा."

सर निघाले. पदार्थविज्ञानाचे प्रमुख म्हणाले, "जो ऐकू येतो त्याला आम्ही आवाज म्हणतो. तुमचा मुळात निघतो का, ते आधी बघा. मला तर हा बुजरेपणा वाटतो. मानसशास्त्राकडे जा."

मानसशास्त्राच्या बाई मायेने म्हणाल्या, "बुजरेपणा आमचाच हो, आणि तो तुमच्यात ठासून भरलाय. पण तो तुमच्यापाशी असतो, सर. तिसऱ्या बाकापाशी हवा असते. हवा पदार्थविज्ञानाची."

घरी आल्यावर सरांनी हे सगळं बायकोला सांगितलं. ती स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, काही म्हणालात का?"

शेवटी समन्वयक बाईंनी तोडगा काढला. शिपायाकडून वर्ग मोजून घेतला. फळ्यापासून पहिल्या बाकापर्यंतची जागा मानसशास्त्राला दिली आणि तिथून तिसऱ्या बाकापर्यंतची पदार्थविज्ञानाला. त्यामागची जागा कोणीच घेईना; अभ्यास करावा असं तिथे काही ऐकूच येत नव्हतं. दोन्ही हद्दी जिथे भिडल्या, ती जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी पट्टी आंतरविद्याशाखीय ठरली.

"संशोधन इथे उभं राहून कर," बाई म्हणाल्या.

"पण मला ऐकू येत नाही ते मागे."

"मागचं कोणत्याच शाखेत बसत नाही, बाळ. विषय फार सुंदर आहे. तुझा प्रश्न तेवढा बाहेर जातोय."

तेव्हा सर खुर्चीवरून उठले. "तिचा प्रश्न मागेच राहू द्या," ते म्हणाले. बाईंना एक अक्षर ऐकू गेलं नाही. पण सरांना असं तावातावाने उठलेलं कोणी पाहिलं नव्हतं. त्यामुळे मामला गंभीर असावा असं समजून त्यांनी "सर म्हणतात त्याप्रमाणे" असा शेरा मारून मंजुरी दिली.

तुलनेसाठी वाणिज्याचे सर घेतले. ते हजेरी घेत तेव्हा सायकलस्टँडवरचे लोकही दचकून "हजर" म्हणत. दोघांनी एकच धडा शिकवला आणि मुलीने मागच्या बाकांना विचारलं, काय सांगितलं? वाणिज्याच्या सरांचं सगळ्यांनी स्वच्छ ऐकलं होतं. पण काय ऐकलं, ते कोणाला सांगता येईना. मग तिने तर्कशास्त्राच्या सरांच्या पुढच्या बाकांना विचारलं. तेही एकमेकांकडे बघू लागले.

"फरक शून्य, सर," ती खाली मान घालून म्हणाली. "हे मांडलं तर लोक तुम्हालाच..."

इतकी वर्षं सरांनी सगळा दोष आपल्या घशावर ढकलून मोठ्या समाधानाने पगार घेतला होता. तो आधारही आता गेला. "माझं राहू दे," ते म्हणाले. "जे आलंय ते मांड. मोठ्याने मांड."

तिने सभागृहात, माइकवरून, खणखणीत आवाजात मांडलं: ऐकू येत नाही ही अडचणच नाही, ऐकून घ्यायची कोणाला गरज वाटत नाही. टाळ्या थांबेनात. प्राचार्यांनी आवाजाच्या समस्येवरच्या या मोलाच्या संशोधनाचं कौतुक केलं आणि त्याच व्यासपीठावरून सरांच्या वर्गाला लाउडस्पीकर मंजूर केला.

सरांनी पहिल्या रांगेतून मागे वळून पाहिलं. सगळे माना डोलावत होते. मुलगी माइकजवळ तशीच उभी होती.

प्राचार्यांना तुम्ही हसला असाल. हसा. मात्र गोष्टीत पुन्हा वर न पाहता एवढं सांगा: पहिल्या बाकापर्यंतची जागा कोणत्या विभागाला गेली होती? आवाज पोचला नाही, ही सबब तुम्हाला तर नाहीच.