मरूद्यानाचं वेळापत्रक

माणसाला पाण्यावाचून दोन दिवस काढता येतात, पाण्याच्या वेळेवाचून एकही काढता येत नाही. हे सत्य दिंडोशीच्या सहजीवन गृहनिर्माण सोसायटीने १९८७ च्या डिसेंबरात, चौदा कुटुंबांतली चौतीस माणसं स्वखुशीने राजस्थानच्या वाळवंटात नेऊन, सप्रयोग सिद्ध केलं.

सोसायटीबद्दल आधी थोडं सांगायला हवं. इमारती दोन, मजले तीन, नळ एक. पाणी वरच्या मजल्यांवर चढत नाही (पाण्यालाही गुडघे असतात), म्हणून सगळ्यांनी खाली यायचं. वेळ सकाळी पाच वीस ते सहा. या चाळीस मिनिटांची व्यवस्था सेक्रेटरी चंद्रप्रकाश मयेकर गेली नऊ वर्षं पाहत होते. त्यांच्याकडे एक शिट्टी, एक वही आणि कुणालाही न मिळणारा न्याय होता. त्यांच्या कारकिर्दीत नळावर फक्त सहा वेळा मारामारी झाली, आणि त्यातल्या चार तर किरकोळ होत्या.

सहलीचं माहितीपत्रक मयेकरांनीच आणलं. महाबळेश्वर झालं होतं, गणपतीपुळे झालं होतं, आणि शेजारची सोसायटी विमान सोडून सगळ्या वाहनांनी सगळीकडे जाऊन आली होती. वाळवंट मात्र कुणी केलं नव्हतं. पत्रकावर एका तळ्याचं चित्र होतं. खजुराची झाडं, निळं पाणी, आणि काठावर पाय पाण्यात सोडून बसलेली एक बाई.

सुगंधा राऊळने ते चित्र बराच वेळ पाहिलं. सुगंधा म्हणजे बी विंगमधली, तिसऱ्या मजल्यावरची. तिचा नवरा बाळा. त्याची गिरणी संपात गेली आणि तो सांताक्रूझला एका गोदामावर पहारेकरी झाला. तेव्हापासून घर तिच्याच शिवणयंत्रावर चालत होतं. तिला त्या चित्रातल्या खजुरांचं काही वाटलं नाही. तिच्या मनात एवढंच आलं की ही बाई बसली आहे. सुगंधा जन्मात पाण्याजवळ बसली नव्हती. पाण्याजवळ ती नेहमी उभी असायची, हातात काहीतरी घेऊन आणि पुढचीच्या पाठीकडे बघत. नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिने सभेत हात वर केला आणि म्हणाली, "आमची दोन नावं लिहा."

प्रत्येक कुटुंबाने एकच बॅग आणावी, अशी सूचना होती. ती काटेकोरपणे पाळण्यात आली. बॅगा चौदा भरल्या. शिवाय बादल्या एकोणीस, हंडे अकरा, कॅन सहा (रॉकेलचे, पण धुतलेले), रबरी नळी वीस फूट (कुठल्याही नळाला बसेल अशी) आणि मयेकरांचं पिंप, साखळी-कुलपासह. वाळवंटात जाताना पिंप कशाला, असं ड्रायव्हरने विचारलं. मयेकर म्हणाले, "वाळवंटातच जातोय ना?" ड्रायव्हरने पिंप टपावर चढवलं.

जैसलमेरच्या पुढे दोन तासांवर, दुपारी साडेतीनला बस थांबली. वाळूच्या मधोमध खरोखरच तळं होतं. निळं नव्हतं, हिरवट होतं. पण मोठं होतं, आणि त्याच्या काठाला कुणीही नव्हतं. परत निघायला सहा वाजणार होते. म्हणजे अडीच तास. सुगंधा तशीच उभी राहून बघत राहिली.

तेवढ्यात विमला भोगलेने आपली बादली काठावर ठेवली. सहज ठेवली, असं तिने पुढे सांगितलं. पण मुंबईच्या उपनगरात पाण्याजवळ बादली सहज ठेवली जात नाही. चार मिनिटांत कुटुंबागणिक एक अशी बादल्यांची रांग लागली. ज्यांच्या बादल्या बसच्या टपावर होत्या त्यांनी चपला ठेवल्या. सुगंधा बघत उभी होती म्हणून तिची बादली शेवटची लागली, चौदाव्या नंबरला.

तळ्याची राखण करणारा पेमाराम नावाचा म्हातारा हे सगळं लांबून, खाटेवरून पाहत होता. मयेकर वही घेऊन त्याच्याकडे गेले.

"पानी कितने बजे आता है?"

"आता नहीं साब," पेमाराम म्हणाला. "रहता है. बारह महीने."

"हां, वो ठीक है. लेकिन जाता कितने बजे है?"

पेमारामने आपल्या पणजोबांपासून सांगायला सुरुवात केली. मयेकरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं : स्थानिक कर्मचारी माहिती देण्यास टाळाटाळ करतात.

खजुराखाली तातडीची सभा भरली. ठराव एकमताने झाले. पाणी पाच वीस ते सहा या वेळेतच घेण्यात यावं, कारण पाणी घेण्याची वेळ तीच असते. दर कुटुंबाला दोन मिनिटं पन्नास सेकंद मिळावीत. पाच वीसपूर्वी पाण्याला कुणीही हात लावू नये, त्याने अन्याय होतो. तळमजल्याला प्राधान्य असावं (वाळवंटात मजले नव्हते, पण तत्त्व होतं). मग चौतीस माणसं आपापल्या बादलीशेजारी, रांग नीट दिसावी म्हणून तळ्याकडे पाठ करून बसली. हवा छान होती, असं सगळ्यांचंच मत पडलं.

सुगंधाने चपला काढल्या आणि ती हळूच काठाकडे निघाली.

"सुगंधा, नंबर आहे गं," विमला म्हणाली.

"मी भरत नाहीये. नुसते पाय बुडवते."

"सगळ्या असंच म्हणतात."

प्रकरण मयेकरांकडे गेलं. त्यांनी वही चाळली. पाय बुडवणं हे ना पिण्यात बसत होतं, ना वापरण्यात. "तुमच्या वेळेत तुम्ही काय वाटेल ते करा, वहिनी," ते उदारपणे म्हणाले. "पाय बुडवा, नाही तर डोकं बुडवा. पण नंबराने."

बाळा खालच्या आवाजात म्हणाला, "जा गो तू. बालदीकडे मी हय बसलंय." पण तो बादलीची कडी धरून म्हणाला, आणि उठला नाही. सुगंधा परत येऊन बसली. दोन मिनिटं पन्नास सेकंद काही कमी नव्हती. ती मनातल्या मनात कुठला दगड धरायचा, कुठला पाय आधी टाकायचा हे ठरवत राहिली.

पाच वाजून सत्तावन्न मिनिटांनी तिचं नाव पुकारलं. ती काठावर गेली. पाणी तिच्या पायांपासून वीतभर होतं. तेरा कुटुंबांनी भरून घेतलं तरी ते बोटभरही खाली गेलं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "आटप गं," आणि सुगंधाच्या हाताने बादली बुडवली. मग हंडा. मग दुसरा हंडा. मग तिने झाकणं लावली आणि पदराने कडा पुसल्या. शिट्टी झाली तेव्हा तिचे पाय कोरडे होते. तिला रडू आलं. त्याच वेळी, हंडे भरल्याचं समाधानही वाटलं, आणि तिला जास्त राग त्याचा आला.

भरलेली भांडी बसमध्ये घ्यायला ड्रायव्हर तयार नव्हता. पाणी तळ्यातच परत ओता, असं पेमारामने सुचवलं. पण कुणाचं कुणात मिसळेल, यावर सभेचं एकमत होईना. शेवटी ज्याने त्याने आपलं पाणी मांडीवर किंवा पायांत धरून बसायचं ठरलं. अशा रीतीने, चोवीस तास पाणी असलेल्या हॉटेलकडे, दोन तासांच्या रस्त्याने सहजीवन सोसायटी पाणी घेऊन निघाली.

सुगंधाने हंडा दोन्ही पायांच्या मध्ये धरला होता. पहिल्याच खड्ड्यात झाकण हललं. थोडं पाणी उसळून तिच्या पावलांवर आलं. थंड होतं. तिने चपला काढून सीटखाली सारल्या, झाकण काढून मांडीवर ठेवलं आणि हंडा जरासा कलता केला.

"अगो, झाकण धर," बाळा म्हणाला. "पाणी सांडता."

"सांडू दे," सुगंधा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली. हॉटेल येईपर्यंत हंडा निम्मा झाला होता.

पाण्याच्या नासाडीबद्दल तिच्या नावाची नोटीस नंतर महिनाभर नळाजवळ लावलेली होती. वाचकांना अर्थातच सुगंधाचं कौतुक वाटलं असेल, आणि बाकीच्या तेहतीस जणांचं हसू आलं असेल. येऊ द्या. फक्त मागच्या वेळी तुम्ही बाहेरगावी हॉटेलात उतरलात ते आठवा. खोलीत चोवीस तास पाण्याची पाटी होती. तरी बॅग खाली ठेवायच्या आधी तुम्ही न्हाणीघरातली बादली भरून ठेवलीत, आणि दुसऱ्या दिवशी निघताना ओतून टाकायला जीव होईना म्हणून तशीच भरलेली सोडून आलात.