झटपट नूडल्स आणि बाबांचा कौल

आज संध्याकाळी घरी बीफ नूडल्स करायच्या, असं आ-खुनने ऑफिसातून निघतानाच ठरवून टाकलं. ठरवायला तसं फारसं काही नव्हतं. बायको चार दिवसांसाठी माहेरी गेलेली, आई सकाळपासून धाकट्या भावाकडे. च्याई शहरात चौथ्या मजल्यावरचं ते घर एका संध्याकाळपुरतं का होईना, पण सर्वस्वी त्याच्या मालकीचं होतं. (एरवी ते कोणाच्या मालकीचं असतं, हे विचारू नये. पाटबंधारे खात्यात तो हेडक्लार्क होता, घरात त्याला तेवढंही प्रमोशन मिळालेलं नव्हतं.)

त्याच्या घरात बीफ शिजत नसे. आईला ते अजिबात चालायचं नाही. "ज्याने जन्मभर आपल्या शेतात नांगर ओढला, त्याला वाडग्यात घालायचं? लाज नाही वाटत?" असं ती टीव्हीवरच्या जाहिरातींनासुद्धा सुनावायची. बाबा तर पक्के शेतकरी. घरातला बैल म्हातारा होऊन मेला तेव्हा त्यांनी त्याला बांधावर पुरून वर आंब्याचं झाड लावलं होतं. त्यामुळे आ-खुनचं बीफप्रेम ऑफिसमागच्या खानावळीपुरतंच राहिलं होतं, आणि घरी येताना तो तोंडात पेपरमिंट टाकून यायचा.

फोनवरच्या व्हिडिओत एक हसरी बाई सांगत होती की पंधरा मिनिटांत बीफ आणि भाज्यांच्या नूडल्स तयार. त्या बाईने बहुधा जन्मात गाजर चिरलेलं नसावं. आ-खुनला एका गाजराला वीस मिनिटं लागली. मग कोबी, मग मश्रूम, मग पातीचा कांदा, मग कांद्यामुळे डोळे पुसणं, मग डोळ्यांना लागलेलं आलं धुणं. तरीही शेवटी मोठ्या कढईत बीफचे पातळ काप चर्रकन पडले, सोया सॉसचा वास सुटला, वर भाज्या पडल्या, नूडल्स पडल्या, आणि आ-खुन स्वतःवरच खूश झाला. भरलेला वाडगा घेऊन तो बसणार, तेवढ्यात फोन वाजला.

"अहो, मांडलं का सगळं?" बायकोने, म्हणजे युए-च्यावने, विचारलं.

"काय मांडलं?"

पलीकडे कपबशी जोरात आपटल्याचा आवाज आला. तीस वर्षांच्या संसारात हा आवाज आ-खुनला चांगलाच ओळखीचा झाला होता.

"आज बाबांची तिथी आहे," युए-च्याव एकेक शब्द सुटा करून म्हणाली. "जुन्या पंचांगाने. मी जाताना तीनदा सांगितलं. बाजारातून शिजवलेली कोंबडी आणायची, तळलेला मासा आणायचा, भात लावायचा. आणलंत?"

"म्हणजे काय! मांडतोच आहे," आ-खुन म्हणाला.

"आणि आज आई बाबांना काय विचारणार आहेत, ते तरी लक्षात आहे ना?"

ते मात्र लक्षात होतं. महिनाभर दुसरं काही डोक्यात नव्हतंच. धाकट्या आ-बिंगने नवा फ्लॅट घेतला होता. लिफ्ट होती, न्हाणीघरात धरायला दांड्या होत्या, खाली बाग होती. आईने आता त्याच्याकडे राहायला यावं आणि बाबांची पाटीही, म्हणजे देव्हाऱ्यातली पितरांची लाकडी पाटी, तिथेच हलवावी, असं त्याचं म्हणणं होतं. आई म्हणाली होती, "तिथीच्या दिवशी ह्यांनाच विचारते. ते म्हणतील तसं."

आ-बिंगच्या म्हणण्यात खोट काढायला जागाच नव्हती, आणि तेच आ-खुनला सलत होतं. चौथा मजला, लिफ्ट नाही, आईचे गुडघे हे असे. पण संध्याकाळी दार उघडल्यावर आतून "आलास? पाय पूस," असं कोणी म्हणणार नाही, या नुसत्या कल्पनेनेच त्याला जेवण जात नसे. आई त्याला हवी होती. चौपन्न वर्षांच्या माणसाने हे कोणाला बोलून दाखवायचं म्हणजे पंचाईत, म्हणून तो कोणाला बोलला नव्हता.

"लक्षात आहे," तो म्हणाला, आणि तेवढ्यात खाली आ-बिंगच्या गाडीचा हॉर्न वाजला.

चार जिने चढायला आईला दर मजल्यावर एक विश्रांती लागते. तेवढ्या वेळात आ-खुनने काय काय केलं म्हणून सांगू! देव्हाऱ्यापुढचं टेबल पुसलं. तीन पेल्यांत दारू ओतली. चॉपस्टिक्स मांडल्या. उदबत्ती पेटवली, ती उलट्या बाजूने, म्हणून दुसरी पेटवली. फ्रीज उघडला. आत अर्धं टोफू, लोणच्याची बाटली आणि बायकोची फेस क्रीम. घरात शिजलेली अशी एकच गोष्ट होती, आणि ती नेमकी पितरांपुढे कधीच ठेवायची नसते. ह्या पितरांपुढे तर नाहीच नाही.

त्याने वाडग्यातून बीफचे काप वेचायला सुरुवात केली. वेचलेले ठेवायचे कुठे? तोंडात. पण कागदासारखे पातळ काप नूडल्सना असे बिलगलेले होते की चार निघाले तर दहा आत राहिले. दारात पावलं वाजली तशी त्याने वर कोबी पसरली, वाडगा बाबांपुढे ठेवला आणि गाल फुगलेले असतानाच तो दार उघडायला गेला.

"आलात?" तो गिळत म्हणाला.

"काय खातोयस?" आईने धापा टाकत विचारलं.

"काही नाही. मीठ बघत होतो."

आई टेबलापाशी गेली. तिने वाडग्याकडे पाहिलं, मग आ-खुनकडे, मग परत वाडग्याकडे.

"हे काय? कोंबडी कुठाय? मासा कुठाय?"

"यंदा म्हटलं, बाबांना माझ्या हातचं काहीतरी करून घालावं," आ-खुन म्हणाला. "पोर्कच्या नूडल्स. भरपूर भाज्या घालून."

आईचा चेहरा जरासा निवळला. पाठोपाठ आ-बिंग आत आला. तो विम्याच्या कंपनीत मॅनेजर, माणूस मोठा गोडबोल्या, केस सदा बसवलेले. आल्याआल्या त्याचं नाक वर गेलं. त्याने एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं, मग आ-खुनकडे बघून एक भुवई उचलली आणि अगदी साळसूदपणे म्हणाला, "वा दादा, पोर्क का? वास काय झकास सुटलाय!"

ह्याला कळलंय, हे आ-खुनला कळलं. ह्याला कसं कळलं, ते मात्र कळेना.

उदबत्ती निम्मी जळेपर्यंत सगळे थांबून राहिले. पितरांचं जेवण होईपर्यंत घरच्यांनी अन्नाला हात लावायचा नसतो. आणि जेवण झालं की नाही, हे त्यांनाच विचारायचं. आईने पदराआडून काढावीत तशी स्वेटरच्या खिशातून दोन नाणी काढली. एक छापा, एक काटा पडला तर 'हो'. दोन्ही काटे म्हणजे 'नाही'. आणि दोन्ही छापे पडले तर पितर हसताहेत, म्हणजे प्रश्न धड विचारलेला नाही.

"अहो, जेवण झालं का?" आईने विचारलं आणि नाणी टाकली.

दोन्ही काटे.

"सावकाश जेवा," आई म्हणाली. सगळे थांबले. नूडल्सनी सॉस पिऊन फुगायला सुरुवात केली होती. थोड्या वेळाने तिने पुन्हा विचारलं. पुन्हा दोन्ही काटे.

"दारू कमी पडली का?" काटे. "सिगरेट हवी का?" आ-बिंगने पेटवून ठेवली. तरी काटे.

आई गोंधळली. आ-बिंगच्या पोटात कावळे ओरडत होते, ते सगळ्यांना ऐकू येत होतं. आ-खुनची भूक मात्र केव्हाच मेली होती. बाबा जेवत का नाहीत, हे त्या खोलीत त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. (असं त्याला वाटत होतं.)

"उशिरा वाढलं म्हणून रागावलात, की कोंबडी नाही म्हणून, का सून घरात नाही म्हणून?"

दोन्ही छापे खणखणून पडले.

"एका वेळी एकच विचार ना, आई," आ-बिंग म्हणाला. "बाबा हसताहेत."

"हसायला काय झालंय त्यांना?" आईने नाणी उचलली. तिची नजर आ-खुनच्या कपाळावर गेली. बाहेर थंडी होती आणि त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता. "अहो, हा आ-खुन आपल्यापासून काही लपवतोय का?"

एक छापा, एक काटा.

"आई, नाण्यांचं काय, ती कशीही…"

"तू गप्प बस. अहो, त्या वाडग्यात जे आहे ते…"

"बीफ आहे!" आ-खुन ओरडला. नाणी अजून आईच्या मुठीतच होती. "बीफ आहे, आई! तिथी विसरलो. स्वतःसाठी केलं होतं. दुसरं काही घरात नव्हतं. आधी वेचून काढलं, पण निघेना. ऑफिसमागे खातो मी, दर शुक्रवारी. पेपरमिंट खातो वर. चुकलो. बाबा, चुकलो मी!"

एवढं सगळं त्याला कोणी विचारलंही नव्हतं. आ-बिंगने कपाळाला हात लावला.

आई पांढरीफटक पडली. आ-खुन धडपडत उठला आणि वाडगा उचलायला धावला.

"थांब! अर्ध्या जेवणातून पान उचलतात का? विचारू दे त्यांना." आई पाटीकडे वळली. "अहो, माफ करा ह्या गाढवाला. हे उचलू ना?"

दोन्ही काटे.

"उचलू?" तिने मोठ्याने विचारलं. बाबा शेवटी शेवटी कानाने जरा कमीच होते.

दोन्ही काटे.

आता मात्र कोणालाच काही समजेना. आ-खुन वाडग्याशी ओणवा तसाच अवघडून राहिला. आई खुर्चीत टेकली. तिने आधी वाडग्याकडे पाहिलं, मग पाटीकडे. मग तिने हळूच, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं, "अहो… आवडतंय का तुम्हाला?"

नाणी टेबलावर पडली आणि गिरकीसुद्धा न घेता आडवी झाली. एक छापा, एक काटा.

"गुरांच्या बाजारातून यायचात तेव्हा," आई म्हणाली, "दर वेळी पेरू खात खात घरी यायचात. मी म्हणायची, ह्या माणसाला पेरूची एवढी कसली आवड! बाजारामागे बसून हेच हादडत होतात ना?"

एक छापा, एक काटा.

"चाळीस वर्षं! आणि बैलाला पुरलंत तेव्हा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलात. मला वाटायचं, काय देवमाणूस मिळालाय."

आ-बिंगला हसू आवरेना. त्याने तोंडावर हात ठेवला, पण आईने ते बघितलंच.

"दात काय काढतोस? तू दारातून आत आलास तेव्हाच नाक वर केलं होतंस. पोर्क नाही हे तुला वासावरून कसं रे कळलं?"

"मला? छे!" आ-बिंग म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "मला काय माहीत, आई? मी कधी हातसुद्धा लावला नाही."

आईने नुसती नाणी वर धरली. "विचारू?"

आ-बिंगने नाण्यांकडे पाहिलं. "म्हणजे… क्लायंटबरोबर जावं लागतं कधीमधी."

"कधीमधी?"

"आठवड्यातून दोनदा. पण ते जाऊ दे ना! आपण राहायच्या जागेचं विचारणार होतो. बाबांना विचार, माझ्याकडे येता का म्हणून."

आ-खुनने डोळे मिटले. झालं. आता संपलं सगळं. उद्यापासून दार आपणच उघडायचं आणि पायही कोणी न सांगता पुसायचे.

"कोणाला विचारू?" आई कडाडली. "ह्यांना? चाळीस वर्षं मला फसवलं त्यांनी, आणि आता मी कुठे राहायचं ते हे सांगणार? मी राहीन तिथे मुकाट्याने येतील." तिने नाणी खिशात टाकली. "मी कुठे जात नाही. इथेच राहते."

आ-खुनने एक डोळा उघडला. "आई, खरंच? माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी कशाला? माझ्यासाठी," आई म्हणाली. "हा बिंग थेट ह्यांच्या वळणावर गेलाय. तोंड बघितलंस त्याचं? खून करून आला तरी मला कळायचं नाही. तुझं तसं नाही. तुला एक वाडगा नूडल्स अर्धा तास लपवता आल्या नाहीत. न विचारता पेपरमिंटपर्यंत सगळं ओकलास. तुझ्या घरात निदान माझ्या पानात काय पडतंय ते मला कळेल."

ही स्तुती आहे की काय आहे, ते आ-खुनला नीटसं ठरवता आलं नाही. पण त्याला हुंदका फुटला आणि तो आईचा हात धरून खाली बसला. तिनेही हात सोडवून घेतला नाही.

"बाबांचा वाडगा काढू आता?" जरा वेळाने डोळे पुसत त्याने विचारलं.

"राहू दे. जन्मभर लपून खाल्लं बिचाऱ्यांनी. आज बसून खाऊ दे." आई उठली आणि चपला शोधू लागली. "बिंग, गाडी काढ. भूक लागलीय मला."

"आई? तू आत्ताच म्हणालीस, इथेच राहणार!"

"राहणार ना! युए-च्याव आली की येते परत. तोवर काय तुझ्या हातचं जेवू?"

पावलं दर मजल्यावर थांबत थांबत खाली गेली. घरात सोया सॉसचा वास कोंडला होता. आ-खुनला आता सणकून भूक लागली होती. तो देव्हाऱ्यापुढे बसला, खिशातून दोन नाणी काढली आणि अगदी नरमाईने विचारलं, "बाबा, झालं का?"

दोन्ही काटे.