दर्यातळाच्या मोहिमेत ओडिलियाबाई भांडल्या त्याची हकीकत

किनाऱ्यावरील समस्त वडील मंडळींची आज्ञा जाहली की, न्यू आयर्लंड बेटी, मौजे कोलुबे येथे दर्यातळ खणू पाहणाऱ्या कंपनीशी जो प्रसंग जाहला तो साद्यंत लिहून ठेवावा. त्याजवरून, गालात सुपारी आणि मनात सत्य धरून, कोणाची भीड न ठेविता सेवक लिहितो, ते चित्त देऊन ऐकावे.

कंपनीचे गलबत नांगर टाकून बसले, आणि तळाची धातूची माती नमुन्यादाखल उपसू लागले, आणि त्याची घरघर अष्टौप्रहर चालली, आणि शार्क किनाऱ्याशी येईनासे जाहले. गावाने बोभाटा केला. मग कंपनीचे वकील कॉलिनसाहेब यांनी मसलत केली की, गावचे शार्क बोलावणारे, दर्याबहादूर अल्बानबाबा, यांनी करवंट्यांचा खुळखुळा पाण्यात वाजवून शार्क बोलवावा, आणि तो येताच कॅमेऱ्यात धरावा, आणि ते चित्र प्रांताच्या सभेत दाखवून म्हणावे, शार्क जागचे जागी आहे, उपद्रव काडीचा नाही, खणण्याचा परवाना द्यावा. बाबांच्या फासात तीन महिन्यांत एक शार्क लाभला नव्हता. हात शिवशिवत होते. कॅमेरा म्हणताच मिशीस पीळ भरून रुकार दिला. शहाणा माणूस, पण स्तुतीपुढे विरघळला.

बाबांचा कबिला ओडिलियाबाई, यांचे पित्त खवळले. परंतु रिवाज ऐसा की, शार्क बोलावणाराने आधी तीन दिवस पुरुषांच्या घरात निजावे आणि बायकोशी अवाक्षर बोलू नये. सबब समजूत घालण्याची वाट बंद. बाई सागूची भाकर उलथीत विचार करित्या जाहल्या, आणि मग त्यांस दुसरा रिवाज आठवला: ज्या दिवशी गावात भांडण, त्या दिवशी शार्क येत नाही.

लगोलग नणंद बेर्नाडेट यांजकडे निरोप धाडिला. दोघींचे सख्य ऐसे की एक सुपारी फोडून अर्धी अर्धी खात. तीन वर्षांमागे नणंदेच्या डुकराने बाईंचा अळूचा मळा उकरला होता, आणि तो गुन्हा केव्हाच माफ जाहला होता. तोच पुन्हा काढावा, ऐसा करार ठरला.

मोहिमेचे दिवशी सूर्योदयी होडी पाण्यात गेली, आणि मागे किनाऱ्यावर रण माजले. आरंभी दोघींस हसू आवरेना. परंतु भांडण ते भांडण. ऊन चढता चढता लग्नातल्या मानपानाची गोष्ट निघाली, मग सासू निघाली, आणि बाई गर्जल्या ते दर्यावर स्वच्छ ऐकू गेले.

“न विचारता दुसऱ्याचं उकरायचं, आणि वर म्हणायचं, काय बिघडलं? डुकराला लाज नसते. तुला आहे ना?”

कॅमेरा घेऊन होडीमागे राहिलेल्या मोटारबोटीतून कॉलिनसाहेबांनी पुसले की, बाई काय म्हणतात? दुभाष्याने अर्ज केला की, घरगुती आहे.

दोन प्रहरपर्यंत बाबांनी खुळखुळा वाजविला. शार्क आला नाही. साहेबांनी कारण विचारिले, आणि कॅमेरा चालूच होता.

बाबा म्हणाले, “गावात भांडण असलं की शार्क येत नाही, साहेब. आणि तुमचं गलबत आल्यापासून गावात दुसरं काय चाललंय?”

ते चित्र कंपनीने सभेत दाखविले नाही. सभेने सवाल केला की, शार्क कोठे? तो दाखविता येईना, सबब परवाना तहकूब जाहला आणि गलबत नांगर उचलून गेले. गावाने तेच डुक्कर तापल्या दगडांत भाजून जेवण केले. मात्र जेवता जेवता लोक बाबांस टोचू लागले की, ज्याला बायको आवरेना तो शार्क काय बोलावणार. बाबांनी डुकराचा आणखी एक तुकडा वाढून घेतला. बाईंनी आपले पान बाजूस सारिले.

घरी आल्यावर बाई म्हणाल्या, “चुकलं माझं. माझ्यापायी तुमचं नाव गेलं.”

“शार्क आला होता,” बाबा म्हणाले. “होडीच्या पलीकडून, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा. पोट खपाटीला गेलेलं बिचाऱ्याचं. खुळखुळा थांबवला, म्हटलं, जा बाबा, आज नको.”

“अहो, मग फास का नाही टाकलात?”

“तू एवढी जीव तोडून भांडत होतीस. तुला खोटं पाडू?”

येणेप्रमाणे कोलुबेची मोहीम फत्ते जाहली. ती फत्ते दरोबस्त ओडिलियाबाईंचे नावे लिहावी आणि शार्काचा मजकूर कोणास कळू देऊ नये, ऐसे बाबांचे दोन हुकूम. पैकी पहिला सेवकाने पाळिला.