एरास्मोचा रेडिओ संग्रहालयात जातो

एरास्मोने त्या दिवशी तोंड मिटून नुसती सोंगटी टाकली असती, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण तोंड मिटून डोमिनो खेळणारा माणूस आमच्या सागुआ गावात अजून जन्माला यायचाय.

बदामाच्या झाडाखाली रोजचा डाव बसला होता. एरास्मो म्हणजे साखर कारखान्यातला जुना मेकॅनिक. कारखाना बंद पडला, हात काही बंद पडले नाहीत. म्हणून तो घरातल्याच वस्तू उघडू लागला. (काही परत मिटल्या.) शिवाय गावाला नव्या यंत्रांच्या बातम्या पुरवण्याचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं होतं. इंटरनेट आमच्याकडे महाग आणि गोगलगायीच्या चालीचं. म्हणून दर मंगळवारी एक माणूस आठवडाभराच्या मालिका, सिनेमे, बातम्या हार्ड डिस्कच्या एका डबीत भरून दारोदार देत फिरतो. तिला सगळे ‘गाठोडं’ म्हणतात. त्या गाठोड्यातल्या बातम्या एरास्मो बुधवारी झाडाखाली सांगायचा, त्याही अशा थाटात की जणू आत्ताच त्याला कुणी फोन करून कळवलं.

“आता असं यंत्र निघालंय,” तो म्हणाला, “विचारलं की उत्तर देतं. चुकलं तरी ठासून सांगतं.”

“मग त्यात नवं काय?” न्हावी गुमेर्सिंदो म्हणाला. “ते तर इथे रोज माझ्यासमोर बसतं.”

सगळे हसले. एरास्मोला ते लागलं. “हस लेका! जगाला यंत्रं शिकवली कुणी? स्पेनच्या आधी रेल्वे आपल्याकडे धावली. टेलिफोन हवानात जन्मला. एक इटालियन एका दुखणेकऱ्याला विजेचा उपचार करत होता. त्याने झटका दिला, दुखणेकरी पलीकडच्या खोलीत ओरडला आणि ते ओरडणं तारेतून इकडे ऐकू आलं!”

“म्हणजे टेलिफोनवरचा पहिला शब्द ‘आई गं’ होता,” गुमेर्सिंदो म्हणाला. “बरं ते राहू दे. रविवारी संग्रहालयात जुन्या यंत्रांचं प्रदर्शन लागतंय. मी आजोबांचा ग्रामोफोन दिलाय. तू काय देतोस? गप्पा?”

आणि एरास्मोने उचलली जीभ लावली टाळ्याला. “माझा रशियन रेडिओ देतो. तसा नग अख्ख्या प्रांतात नाही!”

संग्रहालयाची सोराइदा नेमकी तिथून पाव घेऊन चालली होती. पोरगी कामाची पक्की. शुक्रवारी हातगाडी दारात उभी.

एरास्मोची बायको नेरेइदा कॉफी गाळत होती. तिने गाडीकडे पाहिलं, मग रेडिओकडे, मग नवऱ्याकडे.

“म्हाताऱ्या, रेडिओ चाललाय. मग फोन काय खाणार?”

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्याकडे कुठलीही वस्तू एकटी जगत नाही. एरास्मोच्या पंख्यात धुण्याच्या यंत्राची मोटर होती आणि टीव्हीचा अँटेना म्हणजे कारखान्याच्या खाणावळीतलं जेवणाचं ताट. मोबाइलचं चार्जिंगचं तोंड केव्हाच तुटलं होतं. तेव्हा एरास्मोने रेडिओच्या पाठीतून दोन तारा बाहेर काढल्या आणि फोन त्यांवर लावला. फोन रेडिओच्या डोक्यावर बसून पोट भरायचा. नेरेइदा म्हणायची, “बाळाला पाजायला घेतलंय.”

“अगं, फोन गळ्यापर्यंत भरलाय,” एरास्मो म्हणाला. “बंद करून ठेव. रविवारी अकराला उघड. वितळणार आहे का तो?”

रविवारी अकराला त्यांची मुलगी ल्युबा परदेशातून फोन करणार होती, तोंड दिसणारा फोन. तिला बाळ झालं होतं. नेरेइदाच्या आईचं नाव ठेवलं होतं, इनेस. आधी दोनदा फोन आला आणि दोन्ही वेळेला पडद्यावर नुसते करडे चौकोन नाचले. नेरेइदाने नातीचं रडणं ऐकलं होतं, तोंड पाहिलं नव्हतं. आता ल्युबाला खास सुट्टी मिळाली होती. नेरेइदाने केस रंगवून घेतले आणि फोन टेबलाच्या खणात पांढऱ्या रुमालात ठेवला. जणू देव्हाऱ्यात.

शनिवारी एरास्मोचं मन राहीना. रेडिओ कसा मांडलाय ते एकदा बघावं म्हणून तो गेला. जाताना (फक्त एका फोटोसाठी) फोन खिशात घातला. रेडिओ लाल दोरीच्या आत, गुळगुळीत पुसलेला, शेजारी पुठ्ठ्याचं कार्ड. एरास्मोने एक फोटो काढला. मग एक डावीकडून. मग झाडाखाली जाऊन ते गुमेर्सिंदोला दाखवणं आलंच.

“कार्डावर काय लिहिलंय?” गुमेर्सिंदोने विचारलं.

“चष्मा घरी राहिला. पण चांगल्या चार ओळी लिहिल्यात. माझ्याबद्दलच असणार.”

मग गुमेर्सिंदोला ग्रामोफोनचाही फोटो पाहायचा होता, मग त्याच्या मेव्हण्याला दोन्ही. मध्येच फोनने एक बारीक हाक मारली आणि काळा पडला. एरास्मोने तो गुपचूप खणात नेऊन रुमालात गुंडाळला आणि स्वतःची समजूत घातली की विश्रांती मिळाली की माणूसही उठून बसतो.

रविवारी पहाटेपासून वीज गेलेली. साडेदहाला नेरेइदा ओठ रंगवून टेबलाशी बसली, रुमाल उलगडला आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

“म्हाताऱ्या.”

त्या एका शब्दात लग्नापासूनचा सगळा हिशेब होता.

“तू नेला होतास?”

“एका फोटोसाठी.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने रुमालाची घडी घातली, मोडली, परत घातली. शेजारपाजारचे फोनही विजेअभावी मेलेले. एरास्मो उभा राहिला. “चल! संग्रहालय इस्पितळाच्या लाइनवर आहे. तिथली वीज कधी जात नाही. आणि रेडिओही तिथेच आहे!”

दोघं निघाली. तो घरातल्या चपलांत, ती नव्या बुटांत, आणि ती पुढे.

संग्रहालयात उद्घाटनाचं भाषण रंगात आलं होतं. एक साहेब तारयंत्रापासून सुरू होऊन विजेच्या दिव्यापर्यंत पोचले होते. सोराइदा दोरीपाशी आडवी आली.

“काका, हात लावायचा नाही. प्रदर्शन संपेपर्यंत तो गावाचा ठेवा आहे. तीन साहेबांच्या सह्या लागतील.”

“पोरी,” नेरेइदा म्हणाली, “हा ठेवा मी माझ्या जुन्या परकराने इतकी वर्षं पुसलाय. तेव्हा कुणाची सही लागली नाही. अकराला माझी नात येतेय.”

“कुठून येतेय?”

“ह्याच्यातून,” म्हणत तिने मेलेला फोन पुढे धरला.

सोराइदाने फोन पाहिला, रंगवलेले केस पाहिले, घड्याळ पाहिलं. “मी कॉफी ठेवायला जाते,” ती म्हणाली. “माझ्या पाठीमागे काय होतं ते मला दिसत नाही. आणि आमच्या रेशनच्या कॉफीत भाजलेल्या वाटाण्यांची भेसळ फार, उकळायला वेळ लागतो.”

एरास्मो दोरीखालून वाकून आत गेला. शेजारच्याच टेबलावर पितळी तारयंत्र ठेवलेलं. ल्युबा जन्मली तेव्हा तो दूर कामाग्वेला ऊसतोडीवर होता. ‘मुलगी. दोघी ठीक.’ एवढी तार यायला आठवडा लागला आणि मुलगी पाहायला तोडणीचा हंगाम संपावा लागला. तोवर तो रोज रात्री एक तोंड मनाशी जुळवायचा आणि सकाळी ते मोडायचं. वाट बघणं काय असतं ते त्याला ठाऊक होतं. तरीही त्याने एका फोटोसाठी फोन नेला होता.

त्याने तारा जोडल्या. रेडिओ घुरघुरला. फोन डोळे किलकिले करून जागा झाला, आणि लगेच वाजला.

आधी करडे चौकोन आले. नेरेइदा पडद्याशी वाकली. मग चौकोन एकेक करून जागेवर बसले आणि त्यातून एक लालबुंद, चिडलेलं, जांभई देणारं तोंड तयार झालं.

“आईचं नाक,” नेरेइदा म्हणाली. “माझ्या आईचं नाक आहे तिला.” एवढंच. मग ती रडत हसत राहिली.

भाषण ऐकणारे एकेक करून दोरीपाशी सरकले. साहेब थोडा वेळ रिकाम्या खुर्च्यांशी बोलले, मग तेही आले आणि टाचा उंचावून म्हणाले, “हा रेडिओ कुठल्या सालचा? ह्यात चित्रंही दिसायची?”

“रशियन आहे,” गुमेर्सिंदो गंभीरपणे म्हणाला. “त्यांचं काही सांगता येत नाही.”

आता एरास्मोने बायकोच्या खांद्यावरून डोकं घुसवलं. “इनेस! मी आजोबा! हे बघ, हे सगळं मी जोडलंय!”

इनेसने भोकाड पसरलं.

“बाबा,” ल्युबा पलीकडून म्हणाली, “तुमच्या कानाशी ते कार्ड कसलं लावलंय?” आणि ती मोठ्याने वाचू लागली, “‘जुना नमुना. आतले बरेच भाग बदललेले. आवाज मोठा, पकड कमी. चालू आहे, असे मालकाचे म्हणणे.’ बाबा, तुम्हाला संग्रहालयात ठेवलंय की काय?”

गुमेर्सिंदोला खांबाला धरून उभं राहावं लागलं.

“परत वाच गं,” नेरेइदा डोळे पुसत म्हणाली. “सावकाश वाच. मी इतकी वर्षं सांगतेय, मला असं नेमकं कधी जमलं नाही.”

प्रदर्शन संपल्यावर हातगाडीवरून रेडिओ घरी आला. नेरेइदाने सोराइदाकडून कार्डही मागून घेतलं. ते आता एरास्मोच्या खुर्चीच्या पाठीला खिळ्याने ठोकलंय. तिने त्यात एकच शब्द खोडून बदलला: चालू आहे, असे मालकिणीचे म्हणणे.