वर्ग बंद का करावा?

इंग्रजी लेखनाचा संध्याकाळचा वर्ग चालू ठेवायचा की नाही, हे ठरवायला संस्थेचे साहेब उद्या येणार होते. ते आजच दारात उभे! भिंतीवर विद्यार्थ्यांचे ताजे निबंध लावलेले, आणि सगळ्यांचा विषय एकच : हा वर्ग बंद का करावा?

आपल्याला न पटणारी बाजू पटवून देता आली की भाषा आली, असं बाईंचं ठाम मत. आणि दिवसभर राबून शिकायला येणाऱ्या या मोठ्या माणसांना वर्ग बंद होणं मुळीच पटणारं नव्हतं. म्हणून दिला तोच विषय. हौस दांडगी, दुसरं काय!

साहेब चष्मा लावून वाचू लागले.

"‘प्रवासी मला इंग्रजी शिकवतात आणि वर पैसेही देतात. मग इथे कशाला यायचं?’ वा! कुणाचं हे?"

"माझं, साहेब!" टॅक्सीवाले काका छाती फुगवून उठले.

"काका, खाली बसा," बाई दात-ओठ खात पुटपुटल्या.

"माझाही वाचा ना, साहेब," नर्सताई पुढे सरसावली. "वर्गात झोप छान लागते, पण झोपायला घर आहे, असं लिहिलंय मी."

साहेब खूश झाले. सगळे निबंध वाचून त्यांनी चष्मा काढला.

"बाई, मला पटलं. बंदच करू."

"अहो साहेब, तो नुसता सराव होता!" काका कळवळले.

"मग खोडून काढा की."

काकांनी बराच वेळ डोकं खाजवलं. "नाही हो जमत. फारच चांगलं लिहिलंय मी."

"खोडायचं कसं ते अजून शिकवलंच नाही," नर्सताई रडकुंडीला आली. "ते पुढच्या आठवड्यात आहे."

साहेब थबकले. एकच बाजू ऐकून निकाल देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "असं होय? मग दुसरी बाजू वाचल्याशिवाय मी कसं ठरवणार? किती वेळ लागेल, बाई?"

बाईंनी भिंतीकडे पाहिलं. "मुद्दे भलतेच भक्कम आहेत, साहेब. वर्षभर तरी लागेल."

"लागू दे. तोवर वर्ग चालू."

साहेब गेले आणि बाई मटकन खुर्चीत बसल्या. जीव भांड्यात पडला होता. नर्सताई हसता हसता डोळे पुसत होती. काकांना तर भरून आलं.

"बाई, काळजीच करू नका! जीव तोडून अभ्यास करतो. महिन्याभरात सगळं खोडून दाखवतो!"

"खबरदार!" बाई किंचाळल्या.