एका वस्तूला एकच घर

वासुदेवजींना कोणी शिवी दिली, तरी ते आधी खिशातून पेन्सिल काढत. बोरी अरबच्या बाजारात एका कांदेवालीनं त्यांना झणझणीत विशेषण बहाल केलं, तेव्हा त्यांनी नम्रपणे विचारलं, "बाई, हा शब्द कोन्त्या गावचा?"

ते आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. मी शाळामास्तर, त्यांचा रोजचा वाचक. पुस्तकांपेक्षा त्यांचा जीव एका लाकडी खणात. लोकांच्या तोंडचा एकेक शब्द चिठ्ठीवर, आणि पुढे पुस्तकांच्या यादीतलं ठरलेलं नाव: 'वावर – पाहा: शेत.' "एका वस्तूले एकच घर, मास्तर," ते म्हणत. "बाकीची नावं पाहुणी. पाहुण्याले रस्ता दाखवा लागते." गाव त्यांना अर्धवट समजे. मीही समजत होतो, खोटं कशाला बोलू?

महाराष्ट्र झाला त्या वर्षी तपासणीला एक साहेब आले. त्यांनी खण उघडला नि नाक मुरडलं. "हा गावठी कचरा आजच्या आज काढा. प्रमाण शब्द पुरेत." वासुदेवजींचा चेहरा पांढराफटक पडला. अकरा वर्षांची मेहनत होती ती.

तेवढ्यात तांड्यावरचा थावरा धापा टाकत आला. "वासुदेवजी, माहा बळद बाजारातच पडला! फुगारा झाला! दवाखाना दूर, पोचतो कवा?"

साहेबांनी आपली छापील यादी चाळली. बळद नाही, फुगारा तर नाहीच. वासुदेवजींनी खण ओढला. 'बळद – पाहा: बैल.' 'फुगारा – पाहा: पोटफुगी.' मिनिटाभरात गुरांच्या रोगांचं पुस्तक माझ्या हातात! मी भर बाजारात बैलापाशी उभा राहून खड्या आवाजात वाचत होतो: पुढचे पाय उंचावर घ्या, गोडं तेल पाजा, डावी कूस चोळा. अर्धा बाजार बैलाच्या सेवेला लागला. साहेबांनीही बाह्या सारल्या. अखेर बैलानं अशी दणदणीत ढेकर दिली, की लोकांनी टाळ्याच पिटल्या. थावरानं वासुदेवजींना चक्क खांद्यावर घेतलं.

"खण राहू द्या," साहेब म्हणाले. मग जरा लाजून, "आमच्या आजोळी पोटफुगीला निराळंच म्हणतात." पेन्सिल बाहेर आली.

गर्दी पांगल्यावर वाचनालयात विस्कटलेल्या चिठ्ठ्या लावायला मी बसलो. प्रत्येक चिठ्ठीमागे शब्द देणाऱ्याचं नाव-गाव होतं. 'गंज – पाहा: पातेलं', 'कोपर – पाहा: परात', 'सराटा – पाहा: उलथणं'... स्वयंपाकघरातल्या सगळ्या शब्दांमागे एकच नाव: गिरजा, फुलसावंगी. वासुदेवजींची बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली होती.

"घरी आता सराटा कोनाले मांगू, मास्तर?" ते खाली बघत म्हणाले. "इथं असला तं कोनी ना कोनी विचारन."

मी उठलो, टेबलापलीकडे वाचकासारखा उभा राहिलो आणि विचारलं, "वासुदेवजी, सराटा कुठं सापडन?"

ते ताठ बसले आणि त्यांनी खण ओढला.